उसना सूर, म्हातारा देह

गाणाऱ्याचे वय झाले म्हणजे पुढे काय, हा प्रश्न मराठी समीक्षेने फारसा विचारलेला नाही. तिला कलाकृती हवी असते. कलावंताचे गुडघे, त्याचे पडलेले दात, त्याचा दमा यांच्याशी तिला कर्तव्य नसते. अभिजात गवई म्हातारा झाला तर त्याला 'बुजुर्ग' म्हणतात आणि त्याच्या कापऱ्या आवाजातही चिंतन शोधतात. फडातली बाई चाळिशीला टेकली की ती 'उतरली' म्हणतात. एकाच भाषेत एकाच वयाला हे दोन शब्द का, याचे उत्तर कोणत्याही गायनशास्त्रात मिळणार नाही.

आज हा प्रश्न मांडतो आहे तो एका परक्या निमित्ताने. आमच्या महाविद्यालयातली काही मुले मोबाइलवर इंग्लंडमधल्या जुन्या बँडांचे कार्यक्रम पाहतात. (आमच्याकडे बँड म्हटला की वरातीपुढचा बँड आठवतो, आणि तो कोणत्या वस्तीतून येतो हे सांगावे लागत नाही. पण शब्द तोच आहे, तोच वापरू.) ऐंशी ओलांडलेला मिक जॅगर भल्याथोरल्या मैदानातल्या मंचावर इकडून तिकडे धावतो, कमरेत लचकतो, आणि खाली हजारो माणसे बेभान होतात. एका मुलाने मला विचारले, "सर, एवढ्या वयाचा माणूस आपल्याकडं स्टेजवर नाचला असता तर?" त्याच्या प्रश्नातच उत्तर होते : नाचला असता तर लोक हसले असते. आणि नाचली असती तर? हे मात्र त्याच्या मनातही आले नाही.

जॅगरचा 'रोलिंग स्टोन्स' हा बँड १२ जुलै १९६२ रोजी लंडनच्या मार्की क्लबमध्ये प्रथम उभा राहिला. त्या काळात इंग्लंडमध्ये अशा पोरांचे पेवच फुटले होते. न्यूकॅसलचे 'ॲनिमल्स', लंडनचे 'यार्डबर्ड्स' आणि 'प्रिटी थिंग्ज', जॉन मेयॉल आणि त्याचे साथीदार. पुढे सत्तरच्या दशकात कॅनव्ही बेटावरचे 'डॉ. फीलगुड'. ही सारी गोरी पोरे. ती वाजवीत होती ते मात्र अमेरिकेतल्या काळ्या माणसाचे गाणे : ब्लूज, आणि त्याचेच शहरात आलेले, ठेका धरलेले रूप, रिदम अँड ब्लूज. ब्लूजची मांडणी साधी आहे. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचे. पहिली ओळ दोनदा का? ज्याने झीलकऱ्याने उचललेली ओळ ऐकली आहे त्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. दुःख एकदा सांगून कोणी ऐकत नाही, म्हणून ते दोनदा सांगायचे असते.

या गाण्याचा सर्वांत मोठा माणूस मडी वॉटर्स. मिसिसिपीतल्या स्टोव्हॉल नावाच्या मळ्यावर तो राबत होता. १९४१ साली तिथेच ॲलन लोमॅक्स या संग्राहकाने त्याचे गाणे मुद्रित केले. १९४३ मध्ये मळा सोडून तो शिकागोला गेला. तिथल्या दारूच्या गुत्त्यांत एवढा गोंगाट असे की साध्या गिटारीचा आवाज पोचेना. म्हणून ती विजेवर चालणारी झाली. वाळवे तालुक्यातल्या वाटेगावाहून पायी मुंबईला गेलेल्या मांगाच्या पोराची, अण्णा भाऊ साठ्यांची, गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. गाव सुटते, गिरणी किंवा कारखाना मिळतो, मागे राहिलेल्या बाईची आठवण गाण्यात येते. अण्णा भाऊंची मुंबईतली छक्कड आणि शिकागोतला ब्लूज ही एकाच प्रकारच्या स्थलांतराची लेकरे आहेत. जनार्दन वाघमारे यांनी १९७८ साली 'अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती' हा ग्रंथ लिहून आपल्याला तिकडच्या लेखनाची वाट दाखविली. तिकडच्या गाण्याकडे मात्र आपण त्या मानाने कमी वळलो.

आता नावांची एक गंमत पाहा. गंमत म्हणायची खरे तर लाज वाटते. अमेरिकेत काळ्यांच्या तबकड्यांची यादी स्वतंत्र असे आणि तिला 'रेस रेकॉर्ड्स', म्हणजे वंशाच्या तबकड्या, म्हणत. १९४९ साली 'बिलबोर्ड' या व्यापारी साप्ताहिकाने ते नाव काढून 'रिदम अँड ब्लूज' हे नाव दिले. गाणे तेच, गाणारा तोच, विकणाराही तोच. शब्द तेवढा धुऊन घेतला. जवळजवळ त्याच सुमारास मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली होती आणि तमाशाचे 'लोकनाट्य' होत होते. अण्णा भाऊ, अमर शेख, गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाच्या हाती हा बदल लढाऊ होता. मजुरापर्यंत पोचण्याची ती युक्ती होती. पण पुढे तोच शब्द पांढरपेशांच्या हाती सोवळ्यासारखा आला. 'तमाशा पाहिला' म्हणायला जी जीभ कचरत होती ती 'लोकनाट्य पाहिले' असे ऐटीत म्हणू लागली.

तेव्हा उसनवारी दोन्हीकडे झाली. पण उसने घेण्याच्या रीतीत फरक आहे, आणि तो प्रामाणिकपणे नोंदविला पाहिजे. स्टोन्सनी आपले नावच मुळी मडी वॉटर्सच्या १९५० सालच्या गाण्यावरून घेतले. 'प्रिटी थिंग्ज'चे नाव बो डिडलीच्या गाण्यावरून आले. १९६५ मध्ये अमेरिकेतल्या एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात स्टोन्सनी आपल्यासोबत हाउलिन वुल्फ या चोपन्न वर्षांच्या काळ्या गायकाला बोलाविले आणि तो गात असताना ही लोकप्रिय गोरी पोरे त्याच्या पायाशी बसली. अमेरिकेतल्या कित्येक गोऱ्या घरांत तो माणूस त्या दिवशी पहिल्यांदा दिसला असेल.

हे वाचून कोणी भारावून जाऊ नये. पायाशी बसणे वेगळे आणि हिशेब चुकता करणे वेगळे. १९६८ मध्ये याच स्टोन्सनी रेव्हरंड रॉबर्ट विल्किन्स या काळ्या धर्मोपदेशकाचे गाणे आपल्या तबकडीत घेतले आणि पहिल्या आवृत्तीवर कर्ते म्हणून स्वतःची नावे छापली. 'ॲनिमल्स'चे १९६४ सालचे सर्वांत गाजलेले गाणे परंपरागत होते. तबकडीवर संयोजक म्हणून एकाच वादकाचे नाव छापले गेले आणि मानधनाचा हक्कही त्या एकाचाच झाला. लुटीच्या वाटणीतही लूट! विली डिक्सन हा शिकागोचा गीतकार. त्याचे 'लिटल रेड रूस्टर' स्टोन्सनी गायिले आणि डिसेंबर १९६४ मध्ये ते इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर गेले. 'लेड झेपेलिन' या दुसऱ्या बँडने आपले शब्द नाव न देता वापरले म्हणून डिक्सनने १९८५ साली कोर्टाची पायरी चढली आणि १९८७ साली तडजोड होऊन त्याला त्याचे देणे मिळाले. म्हाताऱ्या ब्लूजवाल्यांचे हक्क मिळवून देण्यासाठी त्याने 'ब्लूज हेवन फाउंडेशन' ही संस्था काढली. शिकागोतली चेस रेकॉर्ड्सची जुनी इमारत आज त्या संस्थेकडे आहे. मला या सगळ्यात सर्वांत मोलाचा वाटतो तो हा दावा. काळ्या माणसाने आदर मागितला नाही, पैसे मागितले.

प्रयोग म्हणून या म्हाताऱ्या बँडांकडे पाहिले तर काय दिसते? २२ नोव्हेंबर १९८१ ची एक चित्रफीत आहे. स्टोन्स तेव्हा अमेरिकेतली मैदाने गाजवीत होते. त्या रात्री ते शिकागोच्या काळ्या वस्तीतल्या चेकरबोर्ड लाउंज नावाच्या लहानशा गुत्त्यात गेले. तिथे मडी वॉटर्स गात होता. ते टेबलाशी येऊन बसले. मडीने नाव घेऊन बोलाविल्यावर जॅगर मंचावर चढला. त्या चित्रफितीतला जॅगर मला आवडतो. तो तिथे पाहुणा आहे, त्याला धावायला जागा नाही, आणि म्हाताऱ्याच्या नजरेच्या धाकात तो गातो. पुढे दीड वर्षात, एप्रिल १९८३ मध्ये, मडी वारला. एक जण मैदानात आणि ज्याच्यापासून तो शिकला तो गुत्त्यात, हे चित्र त्या चित्रफितीत कोणी मुद्दाम मांडलेले नाही. ते आपोआप उमटले आहे.

२००६ साली न्यूयॉर्कच्या बीकन थिएटरात मार्टिन स्कॉर्सेसीने स्टोन्सचा कार्यक्रम चित्रित केला. तिथे सत्तरीचा बडी गाय हा काळा गायक मडीचे एक गाणे म्हणायला येतो. तो आला आणि सारा मंच बदलला. त्याला हालचाल करावी लागत नाही. तो उभा राहतो आणि आवाज टाकतो. गाणे संपल्यावर कीथ रिचर्ड्स आपली गिटार काढून त्यालाच देऊन टाकतो. दिलदार कृती आहे. पण गिटार देणे ही बक्षिशी झाली, आणि बक्षिशी देणारा वरच असतो. आमच्या बापजाद्यांनी पाटलाच्या वाड्यावर बक्षिशीची पागोटी पुष्कळ घेतली आहेत. त्यातला मान आणि त्यातली मेख दोन्ही आम्ही ओळखतो.

स्टोन्स आपल्याकडेही येऊन गेले. ७ एप्रिल २००३ रोजी मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियममध्ये त्यांचा कार्यक्रम झाला. जॅगर आणि रिचर्ड्स तेव्हा एकोणसाठ वर्षांचे होते, ढोल सांभाळणारा चार्ली वॉट्स एकसष्टचा. इंग्रजी शाळेत शिकलेली मुंबई तिथे लोटली. हे लोक म्हातारे झाले, आता पुरे, असे म्हणणारेही होते. पण म्हातारपण हाच त्यांच्या कार्यक्रमाचा विषय झाला होता हे त्यांच्या ध्यानात आले नाही. मला स्वतःला जॅगरचे धावणे रुचत नाही. त्यात वयाचा नकार आहे, आणि ब्लूज तर वयाचा स्वीकार आहे. तो तोंडाचा बाजा वाजवितो तेव्हा मात्र खोटा वाटत नाही. २०१६ मध्ये त्यांनी निव्वळ जुन्या ब्लूजची एक ध्वनिमुद्रिका काढली. त्यात त्यांचे स्वतःचे एकही गाणे नाही. सत्तरी उलटल्यावर ते पुन्हा विद्यार्थी झाले आणि तिथे बाज्याचा श्वास तेवढा ऐकू येतो, धाप ऐकू येत नाही.

चार्ली वॉट्स ऑगस्ट २०२१ मध्ये गेला. महिन्याभरात ठरलेला दौरा सुरू झाला; त्याच्या जागी स्टीव्ह जॉर्डन हा काळा ढोलवादक बसला. २०२४ च्या त्यांच्या अमेरिकेतल्या दौऱ्याला पुरस्कर्ता कोण होता? पन्नाशीपुढच्या लोकांची, निवृत्तांची म्हणून ओळखली जाणारी मोठी संघटना! 'डॉ. फीलगुड'मध्ये तर आज मूळचा एकही माणूस नाही. मूळ गायक १९९४ सालीच वारला, तरी बँड चालू आहे. जॉन मेयॉल २०२४ मध्ये नव्वदाव्या वर्षी वारला, तोही जवळजवळ शेवटपर्यंत वाजवीत. माणूस जातो, नाव उभे राहते, आणि नावाला सुपारी मिळते. हे वाचताना आमच्या भागातल्या वाचकाला हसू येईल, कारण हा सारा व्यवहार त्याच्या ओळखीचा आहे.

सांगलीजवळ कवलापूर नावाचे गाव आहे. तिथल्या खाडे घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या तमाशा होता. लहू आणि अंकुश हे जुळे भाऊ 'जहरी प्याला' या वगात दोन हवालदार झाले आणि त्या हवालदारांची नावेच त्यांना चिकटली : काळू-बाळू. मी त्यांना एका यात्रेत पाहिले तेव्हा शाळेत होतो आणि ते साठी ओलांडलेले होते. थंडीत कनातीच्या आत गवतावर बसून आम्ही पाहत होतो. त्यांचे म्हातारपण त्यांनी लपविले नाही, कामाला लावले. हवालदाराचा पट्टा पोटावर बसत नाही, जिना चढताना धाप लागते, एकाने सुरू केलेले वाक्य दुसऱ्याने भलतीकडेच नेऊन सोडायचे. आणि या सगळ्यात सरकार नावाच्या वस्तूची इतकी बेमालूम खिल्ली की पुढे बसलेले खरे हवालदारही हसत. विनोदाची ती सबुरी तरुण नटाला साधत नाही. कलावंत पिकतो म्हणजे काय हे मी तिथे पाहिले. पुस्तकात नंतर वाचले.

आणि हे कवलापूर कोणत्या शहराच्या दाराशी आहे? १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केले म्हणून जे स्वतःला नाट्यपंढरी म्हणविते त्या सांगलीच्या. दर वर्षी ५ नोव्हेंबरला तिथे रंगभूमी दिन होतो. मराठी नाटकाचा जन्म १८४३ साली झाला असे आपण मुलांना शिकवितो. मीही परीक्षेपुरते शिकवितो. म्हणजे त्याआधी गावकुसाबाहेरची माणसे डफ-तुणतुणे घेऊन, गण-गौळण-वग रचून रात्र रात्र जे करीत होती ते नाटक नव्हते! पंढरी ठरली, पण या पंढरीलाही पायरी आहे आणि पायरीपाशी कोणी थांबायचे हेही ठरलेले आहे.

गोऱ्या पोरांशी तुलना करायचीच तर आपल्याकडे एक माणूस जवळचा आहे. तोही इथलाच, वाळवे तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचा. श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी (१८६६–१९४५), म्हणजे पठ्ठे बापूराव. ब्राह्मणाच्या घरात जन्मून तो फडात आला, महार समाजातल्या पवळेबरोबर उभा राहिला, जातीबाहेर गेला आणि विपन्नावस्थेत मेला. जॅगरने काळ्यांचे गाणे घेऊन काहीच गमावले नाही. बापूरावाने सर्व काही गमावले. एवढे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. पण आज शताब्द्या, ग्रंथ, पुरस्कार यांत नाव कोणाचे आहे? लिहिणाऱ्याचे. जिच्या गळ्याने आणि पायाने ती लावणी महाराष्ट्रभर गेली ती पवळा तळटीप होऊन राहिली.

येथे चळवळीतला मित्र मला अडवील, आणि अडवावेच. महाडच्या सत्याग्रहासाठी पठ्ठे बापूरावांनी आपल्या खेळांचे उत्पन्न देऊ केले आणि बाबासाहेबांनी ते नाकारले, ही हकीगत आपणा सर्वांना माहीत आहे. बाईला नाचवून मिळालेला पैसा त्यांना मुक्तीच्या कामाला नको होता. मग तमाशाचा गळा काढून तुम्ही आम्हाला पुन्हा त्या कनातीत नेता काय?

नाही. हा आक्षेप मी टाळीत नाही, कारण तो अमेरिकेतही उभा राहिला होता. साठच्या दशकात तिथल्या तरुण काळ्यांनी ब्लूजकडे पाठ फिरविली. मळ्याची, गुलामीची, रडण्याची आठवण त्यांना नको होती. त्यांना ताठ मानेचे गाणे हवे होते. त्यांचे बरोबर होते. म्हणून म्हाताऱ्या ब्लूजवाल्यांपुढे शेवटी गोरी पोरे बसली. आपल्याकडेही जलशाने तमाशाचा सांगाडा घेतला, शृंगार काढून टाकला आणि त्यात विचार भरला. पुढे भीमगीतांनी स्वतंत्र वाट काढली. ही वाट मागे फिरविण्याचे कारण नाही. 'कला जगली पाहिजे' ही घोषणा मला संशयास्पद वाटते. ती देणाऱ्यांपैकी कोणाची मुलगी फडात उभी राहणार नसते. माझे म्हणणे एवढेच की बाबासाहेबांनी नाकारला तो शोषणाचा पैसा. शोषित बाईचे कर्तेपण त्यांनी नाकारले नव्हते. आपण मात्र पैसा नाकारण्याच्या नादात तिला रचनाकार, नटी, दिग्दर्शक म्हणून मोजायचेच विसरलो. आपण विसरलो म्हणून ज्यांना आयते हवे होते त्यांनी चाली नेल्या, वग नेले, सिनेमे काढले.

बाईचा प्रश्न तर याहून कठीण आहे. काळू-बाळूंना निदान म्हातारे होता आले. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांना राष्ट्रपतिपदक मिळाले आणि २००२ च्या जानेवारीत त्या हलाखीत वारल्या. मंचामागे बाळंत होऊन त्या पुन्हा मंचावर आल्या ही गोष्ट आपण सांगून सांगून गुळगुळीत केली आहे. ती सांगताना आपल्याला शौर्य दिसते, बाळंतिणीला सुट्टी न देणारा प्रेक्षक दिसत नाही. पुढे शासनाने त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. जिचा जीवनात गौरव झाला नाही तिच्या नावाने जीवनगौरव! तिकडेही हेच आहे. बिग मामा थॉर्न्टन या काळ्या गायिकेचे गाणे एल्व्हिस प्रेस्लीने घेतले आणि तो अब्जाधीशांचा देव झाला; ती १९८४ मध्ये लॉस एंजलिसच्या एका खाणावळवजा घरात कंगाल मेली. म्हातारपणी नाचण्याचा परवाना जॅगरला आहे तो गोरा म्हणून आहे तसा पुरुष म्हणूनही आहे.

कांताबाई सातारकरांनी या परवान्याविना वाट काढली. गुजरातेत जन्मलेली ही मुलगी साताऱ्यात वाढली आणि साताऱ्याचेच नाव लावून मोठी झाली. तुकाराम खेडकरांच्या फडात त्या गाजल्या; १९६४ मध्ये खेडकर गेल्यावर त्यांनी मुलाबाळांना घेऊन स्वतःचा फड उभा केला. वगात त्या शिवाजी महाराजांचे काम करीत. फडाच्या हिशेबात बाईचे वय नाचापुरते मोजतात. त्यांनी पुरुषाची, राजाची भूमिका घेऊन तो हिशेबच उलटा केला. २०२१ च्या मे महिन्यात कोरोनाने त्यांना नेले. त्या दोन वर्षांत यात्रा बंद होत्या, राहुट्या लागल्या नाहीत, आणि उचल घेतलेल्या फडांवर कर्जाचे डोंगर झाले. त्यांचा मुलगा रघुवीर खेडकर यांच्या नावाबरोबर फडाच्या फलकावर कांताबाईंचे नाव होतेच. इंग्लंडातल्या बँडांप्रमाणे इथेही नाव माणसापेक्षा टिकाऊ आहे. फरक एवढाच की तिथे नावामागे वकील आणि करार असतात. इथे नावामागे डोक्यावर व्याज असते.

म्हाताऱ्या कलावंतांना शासन मानधन देते; २०२४ पासून ते महिना ५,००० रुपये आहे. अर्जाला कलावंत असल्याचे पुरावे जोडावे लागतात. ज्या झीलकऱ्याचे नाव कधी फलकावर आले नाही, ज्या ढोलकीवाल्याचा फोटो कधी छापला गेला नाही, त्याने कोणता कागद जोडायचा? विली डिक्सन कोर्टात जाऊ शकला, कारण त्याच्या नावाने छापलेला एक कागद कुठेतरी होता.

म्हणून या वर्षी मी विद्यार्थ्यांना एक काम दिले. सातारा-सांगलीतल्या आपापल्या गावात फडात राहिलेली जी माणसे हयात असतील त्यांची नावे, वय, फड, काम आणि कोणते वग केले हे लिहून आणायचे. दोन ढोलकीवाले मिळाले, एक सोंगाड्या, तीन सुरत्ये, एक मावशी करणारा. एका मुलीने आपल्या आजीची माहिती आणली. दोन वह्या भरून होती. आजीला चार वग तोंडपाठ आहेत, त्यातल्या एकाचा शेवट तिने स्वतः बदलला होता आणि फडाने तो तसाच पुढे चालविला. वय, फड, भूमिका, सारे रकाने नीट भरले होते. नावाचा रकाना कोरा होता. "आजी म्हणाली, नाव घालू नको," मुलगी म्हणाली, "माझ्या लग्नाचं बघतायत." मी ती वही तशीच ठेवून घेतली आहे.